अक्षर कुठे संपतं? वेब प्रोग्रामिंगमधल्या मजकूर-कापणीचा आढावा

'नाशिक' या शब्दातले पहिले तीन घटक काढून दे, असं जावास्क्रिप्टला सांगितलं की 'नाश' हातात येतो. नियमाप्रमाणे यात काही चुकलेलं नाही. न पहिला, काना दुसरा, श तिसरा. वेलांटी चौथी आणि क पाचवा. वाचणाऱ्याच्या लेखी मात्र नाशिकमध्ये मुळात तीनच अक्षरं आहेत, म्हणजे 'पहिली तीन' मागितल्यावर अख्खा शब्दच परत यायला हवा होता.

संगणकात साठवलेल्या मजकुराच्या पट्ट्याला प्रोग्रामर स्ट्रिंग म्हणतात. ही स्ट्रिंग हवी तिथे कापणं, तिचा तुकडा उचलणं, बदलणं, पुन्हा जोडणं हे वेबवरचं सगळ्यात सामान्य काम. बँकेच्या आयएफएससी कोडातली पहिली चार अक्षरं काढली की बँक कळते, शेवटची सहा काढली की शाखा. ईमेल पत्त्यातला डोमेनचा भाग, फाइलच्या नावातलं शेवटच्या टिंबानंतरचं एक्स्टेन्शन, बातमीचा मोबाइलच्या पट्टीत मावेल एवढा गोषवारा, असं काहीतरी प्रत्येक पान उघडताना पडद्यामागे कापलं जात असतं. इतक्या साध्या कामावर साठ वर्षं वाद का चालावा, हे पाहायचं तर 'कापायचं कसं' आणि 'मोजायचं काय' हे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. पहिला बऱ्यापैकी मिटला आहे. दुसरा मिटलेला नाही, आणि मराठी मजकुराला त्याची झळ जास्त बसते.

एका बाइटचं जग

मजकुराचे तुकडे काढायची हत्यारं वेबच्या खूप आधीची आहेत. बेल लॅब्समध्ये १९६२च्या सुमाराला स्नोबॉल ही भाषा खास मजकुरावर काम करण्यासाठी तयार झाली. बेसिकमध्ये लेफ्ट, राइट आणि मिड होते. आपल्याकडे डीबेस-फॉक्सप्रोवर हात बसलेल्या पिढीला 'सबस्ट्र' तोंडपाठ होतं. लॅरी वॉलने १९८७ साली पर्ल आणली आणि पुढे सर्व्हरवरून पानं तयार करायची वेळ आली तेव्हा वेबच्या पहिल्या पिढीने तीच उचलली. या सगळ्या जगात एक बाइट म्हणजे एक अक्षर. इंग्रजीपुरतं ते खरंही होतं.

१९९१च्या ऑक्टोबरमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांना १६ बिट, म्हणजे ६५,५३६ जागा पुरतील, हा तेव्हाचा हिशेब. १९९५ साली जावा आली आणि त्याच वर्षी नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकने दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. दोन्ही भाषांनी तो हिशेब प्रमाण मानला आणि स्ट्रिंग म्हणजे १६ बिटांच्या कप्प्यांची रांग असं ठरवून टाकलं. वर्षभरात, जुलै १९९६मध्ये, युनिकोड २.० आली आणि तिने मोठ्या क्रमांकांच्या चिन्हांसाठी दोन-दोन कप्प्यांच्या जोड्या वापरायची सोय केली. आज युनिकोडमध्ये ११,१४,११२ जागा आहेत, आणि जावास्क्रिप्ट अजून कप्पेच मोजते.

युनिकोडची चिन्हं बाइटांत साठवण्याची यूटीएफ-८ ही दुसरी वाट तेव्हा तयार होती. केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवता जेवता तिचा आराखडा आखला. एक ते चार बाइटांत कुठलंही चिन्ह बसतं आणि जुना इंग्रजी मजकूर जसाच्या तसा चालतो, या दोन गुणांवर तिने पुढे वेब जिंकलं. पण जावास्क्रिप्टची रचना ठरली तेव्हा वारं १६ बिटांचं होतं.

सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेची कहाणी वेगळी. तिच्या स्ट्रिंगा आजही बाइटांच्याच आहेत. सहाव्या आवृत्तीत भाषेच्या पोटात युनिकोड घालायचा मोठा घाट घातला गेला, काम वर्षानुवर्षं रखडलं, आणि २०१०मध्ये ते सोडून दिलं. पाचनंतर थेट सातवी आवृत्ती आली, डिसेंबर २०१५मध्ये. दरम्यान 'एमबी' उपसर्गाची वेगळी फंक्शनं जोडीला होतीच. त्यामुळे पीएचपीत एकाच कामाला तीन दारं आहेत: साधं सबस्ट्र बाइट कापतं, एमबी-सबस्ट्र कोडपॉइंट (युनिकोडचे क्रमांक) कापतं, ग्राफीम-सबस्ट्र अक्षर कापतं. घाईत लिहिणारा पहिल्या दारानेच आत शिरतो.

मराठीपुरतं बोलायचं तर देवनागरीचा युनिकोडमधला १२८ जागांचा गट इस्की या भारतीय प्रमाणावर बेतलेला आहे. त्यात व्यंजन, काना-मात्रा आणि हलन्त यांना वेगवेगळे क्रमांक मिळाले. जोडाक्षराला स्वतंत्र क्रमांक नाही. रचना तर्कशुद्ध आहे. पण पुण्यामुंबईची वृत्तपत्रं वेबवर आली तेव्हा बराचसा मजकूर या पद्धतीत नव्हताच. प्रत्येक फाँटचा आपला संकेत असे, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई, आणि स्ट्रिंगमधलं एक 'कॅरेक्टर' म्हणजे फाँटातला एखादा दांडा किंवा अर्धा क. तो मजकूर कापणं तर सोडाच, शोधणंही मुश्कील होतं. आपल्याकडे कापणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने युनिकोड रुळल्यावर सुरू झाला.

एकाच कामाची तीन नावं

'कसं' हा प्रश्न आधी निकालात काढू. जावास्क्रिप्टमध्ये तुकडा काढायला स्लाइस, सबस्ट्रिंग आणि सबस्ट्र अशा तीन मेथड आहेत. मोजणी शून्यापासून होते आणि पहिल्या दोघी शेवटचं स्थान वगळतात. ही शून्याची आणि अर्ध्या उघड्या अंतराची पद्धत का सोयीची, याचं संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने १९८२ साली लिहिलेलं टिपण आजही लोक पुढे करतात. एसक्यूएलमध्ये मात्र मोजणी एकपासून. त्यामुळे सर्व्हर, डेटाबेस आणि ब्राउझर यांच्यामध्ये एका घराची चूक ठरलेली.

'पंढरपूर' घेऊ. यात सात घटक आहेत: प, अनुस्वार, ढ, र, प, दीर्घ उकार, र. स्लाइसला उणे तीन दिलं तर ती शेवटून मोजते आणि 'पूर' देते. सबस्ट्रिंगला तेच दिलं तर ती उण्याला शून्य धरते आणि पूर्ण पंढरपूर परत करते. चार ते शून्य असं उलटं मागितलं तर स्लाइस रिकामी स्ट्रिंग देते. सबस्ट्रिंग दोन आकड्यांची गुपचूप अदलाबदल करून 'पंढर' देते. तिसरी सबस्ट्र दुसरा आकडा शेवटचं स्थान म्हणून घेत नाही, लांबी म्हणून घेते. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तिला उणे आकडा कळत नसे, हा आणखी एक ताप होता.

यावरचं मत आता जवळपास एकमुखी आहे: स्लाइस वापरा. सबस्ट्रला भाषेच्या प्रमाणग्रंथात मागच्या परिशिष्टात, जुन्या पानांसाठी ठेवलेल्या सामानात, जागा दिली आहे. सबस्ट्रिंगच्या बाजूने बोलणारे म्हणतात की ती चुकीच्या आकड्यांवरही काहीतरी शहाणपणाचं देते. माझ्या मते चुकीच्या आकड्यावर शहाणं दिसणारं उत्तर देणारं फंक्शन जास्त धोक्याचं, कारण चूक दिसतच नाही.

पीएचपीतला असाच जुना सापळा शोधण्याचा होता. एखादा शब्द मजकुरात आहे का, असं विचारलं की स्ट्रपॉस त्याचं स्थान देई. शब्द अगदी सुरुवातीला असेल तर स्थान शून्य, आणि शून्याला 'नाही' समजून कोड पुढे जाई. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये आठव्या आवृत्तीने 'आहे का', 'याने सुरू होते का' आणि 'याने संपते का' अशी तीन सरळ फंक्शनं दिली. पंचवीस वर्षं उशिरा, पण दिली.

या सोयी भाषेतच असाव्यात की बाहेरच्या लायब्ररीत, हाही एक वाद होता. मार्च २०१६मध्ये त्याला अचानक तोंड फुटलं. आकड्याच्या डावीकडे शून्य किंवा मोकळी जागा भरून त्याची लांबी सारखी करणारं 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने वादातून जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज-भांडारावरून काढून घेतलं आणि बाबेल या साधनासकट असंख्य प्रकल्पांची बांधणी बंद पडली. काही तासांत ते परत आणलं गेलं. पुढच्याच वर्षीच्या प्रमाणग्रंथात हेच काम करणारी मेथड भाषेत दाखल झाली.

मोजायचं काय?

आता खरा प्रश्न. 'क्षत्रिय' हा शब्द घ्या. यूटीएफ-८मध्ये त्याचे २४ बाइट होतात. कोडपॉइंट आठ: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य. १६ बिटांचे कप्पेही आठच. आणि वाचकाची अक्षरं तीन. यातला 'खरा' आकडा कोणता, यावर भाषा बनवणाऱ्यांचे चार तट आहेत.

पहिला तट बाइटवाल्यांचा. गो आणि रस्ट या भाषांनी स्ट्रिंग म्हणजे यूटीएफ-८चे बाइट हे उघडपणे मान्य केलं. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्रामला बहुधा 'पाचवं अक्षर' नको असतं. 'स्वल्पविराम सापडला तिथपर्यंत' असं हवं असतं. जागा शोधून मिळवायची आणि त्याच जागी कापायचं, तर मोजणीचं एकक काहीही असलं तरी फरक पडत नाही, मग सगळ्यात स्वस्त एकक घ्यावं. रस्ट तर एखाद्या चिन्हाच्या बाइटांच्या मधोमध कापू पाहणाऱ्या प्रोग्रामला तिथेच बंद पाडते. पीएचपीचं साधं सबस्ट्र इतकं कडक नाही. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइटांचा. 'नाशिक'चे पहिले दहा बाइट मागितले तर तीन चिन्हं पूर्ण आणि चौथ्याचा एक भुगा मिळतो. तो भुगा पुढे जेसन या डेटा पाठवायच्या साच्यात बदलायला गेलात तर जेसन-एन्कोड थेट 'फॉल्स' परत करतं, आणि एका बातमीच्या गोषवाऱ्यापायी अख्ख्या यादीचा प्रतिसाद रिकामा जातो.

दुसरा तट कोडपॉइंटवाल्यांचा, आणि पायथन हा त्यांचा मोठा गड. डिसेंबर २००८च्या तिसऱ्या आवृत्तीने मजकूर आणि बाइट यांची कायमची फारकत केली. त्यापायी जुना कोड मोडला, समाज दहा वर्षं दोन आवृत्त्यांत विभागला गेला, आणि पायथन २चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. या तटाची बाजू मजबूत आहे: कोडपॉइंटची व्याख्या पक्की आहे, ती आवृत्तीगणिक बदलत नाही, आणि तुकडा कधी बेकायदा होत नाही. उणीव अशी, की तुकडा कायदेशीर असला तरी वाचनीय असेलच असं नाही. 'नाशिक'चा 'नाश' पायथनही तितक्याच निर्विकारपणे करते. 'विठ्ठल'चे चार कोडपॉइंट घेतले तर पाय मोडलेला 'विठ्' उरतो. किती-साठी-मागे-पुढे असले शब्द कोडपॉइंटने उलटे फिरवले की वेलांट्या आणि मात्रा निराधार होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर बसतात.

तिसरा तट म्हणजे १६ बिटांचे कप्पे मोजणारे: जावास्क्रिप्ट, जावा, सी-शार्प. तत्त्व म्हणून ही बाजू आज क्वचितच कुणी मांडतं. व्यवहार म्हणून मात्र ती सगळ्यात भक्कम आहे. अब्जावधी पानांचा कोड या मोजणीवर उभा आहे आणि वेबचा नियम असा की जुनं पान मोडायचं नाही. ब्राउझरमधली निवड, फॉर्ममधली लांबीची मर्यादा, सगळं याच एककात. जावास्क्रिप्टच्या २०१५च्या आवृत्तीने कोडपॉइंटनुसार फिरायची सोय दिली, २०२४च्या आवृत्तीने अर्धवट तुटलेली जोडी ओळखून दुरुस्त करणाऱ्या मेथड दिल्या. स्ट्रिंगची लांबी मात्र तीच राहिली. देवनागरी पहिल्या ६५,५३६मध्येच असल्यामुळे मराठीला या जोड्यांचा त्रास नाही. तो इमोजींना होतो. आणि खरं सांगायचं तर इंग्रजीत काम करणाऱ्या प्रोग्रामरला हा सगळा प्रश्न इमोजीमुळेच कळला. चौघांच्या कुटुंबाचं एक चित्र म्हणजे सात कोडपॉइंट आणि अकरा कप्पे, हे समोर आल्यावर धावपळ झाली. आपण तेच 'क्षत्रिय'बद्दल सांगत होतो तेव्हा ती अपवादात्मक अडचण मानली जात होती.

चौथा तट अक्षरवाल्यांचा. वाचक ज्याला एक अक्षर समजतो त्याला युनिकोडच्या भाषेत ग्राफीम क्लस्टर म्हणतात. स्विफ्ट आणि इलिक्सर या भाषा स्ट्रिंगची लांबी याच एककात देतात. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी इंटल-सेगमेंटर हे साधन आहे. क्रोममध्ये ते २०२०पासून आहे, पण फायरफॉक्समध्ये यायला एप्रिल २०२४ उजाडलं. वाचकाच्या दृष्टीने हा तट सरळ बरोबर वाटतो. त्याच्यावरचे आक्षेपही वजनदार आहेत. एकतर किंमत: शंभरावं अक्षर शोधायला पहिल्यापासून चालत जावं लागतं. दुसरं, एका अक्षराच्या आकाराला कमाल मर्यादा नाही; एका व्यंजनावर हवी तेवढी चिन्हं रचता येतात. तिसरा आक्षेप मराठीच्या अगदी जवळचा आहे.

देवनागरीचा पेच

अक्षर कुठे संपतं याचे नियम युनिकोडच्या २९ क्रमांकाच्या परिशिष्टात आहेत. सप्टेंबर २०२३पर्यंत त्या नियमांनुसार हलन्त आधीच्या व्यंजनाला चिकटे आणि पुढचं व्यंजन सुटं होई. म्हणजे 'क्षत्रिय'ची अक्षरं क्, ष, त्, रि, य अशी पाच. 'महाराष्ट्र'ची सहा. आवृत्ती १५.१मध्ये देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांसाठी नवा नियम आला: हलन्ताने जोडलेली व्यंजनं तोडायची नाहीत. आता क्षत्रिय तीन अक्षरांचा आणि महाराष्ट्र चार अक्षरांचा.

वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवणारा माणूस हे पूर्वीपासून जाणतो. 'ष्ट्र' एकाच चौकोनात जातो. अभंगाचे सहा-सहा-सहा-चार मोजणाऱ्यालाही कुणी शिकवावं लागलं नाही. तरी नवा नियमसुद्धा छंदशास्त्राशी तंतोतंत जुळत नाही. 'अर्थात्' शब्दाच्या शेवटचा पाय मोडका त् युनिकोड वेगळं अक्षर धरतं, वृत्तात तो आधीच्या गुरू अक्षरात जमा होतो. 'मराठी अक्षर' याची एकच व्याख्या नाही हे इथे मान्य करावं लागतं. बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस दाबल्यावर जोडाक्षर पूर्ण जात नाही, एकच चिन्ह जातं, आणि टाइप करणाऱ्याला तेच हवं असतं. बाणाच्या कळीने पुढे जाताना मात्र त्याच माणसाला अक्षर ओलांडायचं असतं.

तिसरा आक्षेप तो हाच: नियम बदलला की आकडा बदलतो. ब्राउझरमध्ये नवी माहिती, सर्व्हरवर जुनी, तर फॉर्म एकीकडे 'मर्यादेत' म्हणतो आणि दुसरीकडे नाकारतो. लॅपटॉपवर चाललेला पीएचपीचा कोड होस्टिंगवर वेगळा आकडा देऊ शकतो, कारण युनिकोडचे हे नियम पुरवणारी आयसीयू लायब्ररी दोन्हीकडे वेगळ्या वर्षाची. म्हणून अक्षरानुसार दाखवा, पण स्थानं साठवताना कोडपॉइंट किंवा बाइट साठवा, असा मध्यममार्ग बरेच जण सुचवतात, आणि मला तो पटतो.

कापण्याच्या आधी एक पायरी असते, मजकूर एकसारखा करण्याची. तिथे मराठीची दोन खास दुखणी आहेत. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो: एकसंध ऱ आणि हलन्त; साधा र, नुक्ता (खालचं टिंब) आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडचं नॉर्मलायझेशन एक करतं. तिसरीला हात लावत नाही. त्यावर भर म्हणजे 'अदृश्य चिन्हं काढून मजकूर साफ करा' असा सल्ला सगळीकडे मिळतो; तो पाळला की तिसऱ्या तऱ्हेच्या 'दुसऱ्या'तलं जोडचिन्ह जातं आणि र डोक्यावर रफार होऊन बसतो. 'दुसर्या', 'वार्यावर', 'शेतकर्यांना' असं जे वेबवर जागोजागी दिसतं, त्यातलं काही टंकलेखकाचं पाप असेल, पण काही या सफाईचं आहे.

दुसरं दुखणं ॲ. 'ॲप' लिहिताना कुणी २००८ साली युनिकोडमध्ये आलेलं एकसंध ॲ वापरतं, कुणी अ टाइप करून त्यावर चंद्र देतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, आणि नॉर्मलायझेशन त्यांनाही एक करत नाही. शोध, क्रमवारी, तुकडा जुळवणं, सगळीकडे हे दोन वेगळे शब्द ठरतात. ज्याला एक करायचे त्याने स्वतः बदलून घ्यायचे, एवढाच आज उपाय आहे.

मर्यादांचं अर्थकारणही इथेच नोंदवायला हवं. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, युनिकोड मजकुराची ७० चिन्हं, काना-मात्रा धरून. वर्डप्रेसमध्ये लेखाचा पत्ता साठवायला २०० जागा आहेत, आणि मराठी शीर्षक टक्क्याच्या चिन्हांच्या संकेतात बदललं की प्रत्येक चिन्हाला नऊ जागा लागतात. बावीस चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. मराठी संकेतस्थळांचे पत्ते अर्ध्या शब्दात का संपतात, त्याचं हे साधं कारण.

पॅटर्नने कापणं

स्थानाऐवजी पॅटर्नने कापायचं साधन म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. दोन-चार चिन्हांत पानभर कोडचं काम होतं, म्हणून ते लोकप्रिय. आणि म्हणूनच अंगलटही येतं. २० जुलै २०१६ रोजी प्रोग्रामरांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटं बंद पडलं. कारण काय, तर ओळीच्या कडेची मोकळी जागा छाटणारा एक पॅटर्न. कुणाच्या तरी मजकुरात सलग सुमारे २०,००० मोकळ्या जागा होत्या, पण त्या ओळीच्या शेवटी नव्हत्या. पॅटर्नने प्रत्येक जागेपासून नव्याने सुरुवात करून पाहिली आणि तपासण्या २० कोटींच्या घरात गेल्या. दुरुस्ती म्हणून तो पॅटर्न काढून साधं सबस्ट्रिंग बसवलं गेलं. २ जुलै २०१९ला क्लाउडफ्लेअरचं जाळं अशाच एका पॅटर्नपायी २७ मिनिटं कोलमडलं.

हे टाळता येतं. केन थॉम्सनने १९६८ सालीच मांडलेल्या पद्धतीत वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो; आरई-टू, गो आणि रस्ट तीच वापरतात. त्या बदल्यात मागच्या जुळणीचा पुन्हा उल्लेख करणाऱ्या काही सोयी सोडाव्या लागतात. जावास्क्रिप्ट, पायथन आणि पीएचपीने त्या सोयी ठेवल्या आणि धोकाही ठेवला.

मराठीसाठी आणखी एक खाच आहे. 'शब्दातलं अक्षर' असा अर्थ असलेला डब्ल्यूचा संकेत जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी ओळखतो. २०१८पासून युनिकोडची 'लेटर' ही वर्गवारी वापरता येते. पण तिच्यात काना-मात्रा येत नाहीत, त्या 'मार्क' वर्गात. म्हणून 'पुणे' शोधायला गेलं की प आणि ण असे दोन तुकडे हाती लागतात. पायथनच्या मूळ लायब्ररीतला डब्ल्यूही तेच करतो. नावाच्या रकान्यात 'फक्त अक्षरं लिहा' म्हणून देवनागरी नाव नाकारणाऱ्या फॉर्ममागे बहुधा हेच असतं.

कापूच नये, असं म्हणणारे

या सगळ्या भांडणापलीकडे एक मत असं, की वेबवर हाताने कापायची वेळ मुळात कमी यावी. पत्त्यातले भाग हवेत तर ब्राउझरचा यूआरएल वाचक वापरा, प्रश्नचिन्हापाशी स्वतः कापू नका. एचटीएमएल पार्सरकडून वाचून घ्या. दिसण्यापुरता गोषवारा हवा तर मजकूर पूर्ण पाठवा आणि जागा संपेल तिथे तीन टिंबं द्यायचं काम सीएसएसवर सोपवा. मजकूर प्रत्यक्ष मांडणाऱ्याला जागा नेमकी माहीत असते.

या मताला सुरक्षेच्या इतिहासाचं बळ आहे. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमध्ये तिरप्या रेषेचं यूटीएफ-८मधलं बेकायदा लांब रूप पाठवून फोल्डरबाहेर पोचता येत होतं, कारण आधी तपासणी आणि मग उलगडा असा क्रम होता. पुढच्या वर्षीच्या निमडा या संगणकी किड्याने हाही दरवाजा वापरला. पण मांडणाऱ्यावर सगळं सोपवूनही सुटका नाही. मे २०१५मध्ये एक ठरावीक संदेश आला की आयफोन बंद पडून पुन्हा सुरू होई. त्यात अरबी मजकुराबरोबर देवनागरीतली एक दुर्मीळ स्वरमात्रा होती आणि बिघाड नेमका नोटिफिकेशनच्या पट्टीत मजकूर तोडून दाखवताना होत होता.

मराठी गोषवाऱ्याला शब्दागणिक कापण्याचा मार्ग चांगला मानवतो. वर्डप्रेस ५५ शब्दांवर थांबतं, आणि आपल्या शब्दांमध्ये मोकळी जागा असल्याने ते नीट चालतं. फक्त 'महाराष्ट्रातल्यासुद्धा' असे लांबलचक शब्द एका शब्दात मोजले जातात, त्यामुळे रुंदी कमी-जास्त होते. चालण्यासारखं आहे.

काय उरलं आहे

फॉर्मवर '१०० अक्षरं' असं लिहिलं की ती कोणती, याचं उत्तर आज तीन थरांत तीन वेगळं असतं: ब्राउझर कप्पे मोजतो, मायएसक्यूएलचा रकाना कोडपॉइंट मोजतो, वापरणारा अक्षरं मोजतो. 'महाराष्ट्र'ला पहिल्या दोघांच्या हिशेबी दहा घरं लागतात, तिसऱ्याच्या चार. यावर सर्वमान्य तोडगा नाही. युनिकोडच्या आवृत्त्या वेगळ्या असताना अक्षरमोजणी दोन यंत्रांत कशी जुळवायची, हेही उघडंच आहे. १५.१च्या नियमात कन्नडसारख्या लिप्या नाहीत, त्यामुळे भारतीय भाषांना एकच कोड लावणाऱ्यांची अडचण कायम. आणि अर्ध्या र-चा आणि ॲ-चा प्रश्न प्रमाण नॉर्मलायझेशनमध्ये सुटण्याची चिन्हं नाहीत, कारण एकदा ठरलेली समतुल्यता बदलायची नाही असं युनिकोडचं धोरण आहे.

एकच एकक सगळीकडे चालवायचा हट्ट कुणी धरू नये, हे माझं मत. साठवताना बाइट, शोधताना कोडपॉइंट, दाखवताना अक्षर अशी वाटणी आज सगळ्यात कमी त्रासाची आहे. मराठी संकेतस्थळाचा कोड ज्यांच्या हातात आहे त्यांना एक विनंती: कापणारं कुठलंही फंक्शन चालू करण्यापूर्वी ते क्षत्रिय, विठ्ठल, दोन्ही तऱ्हांचा ॲप आणि तिन्ही तऱ्हांचा दुसऱ्या यांवर चालवून पाहा. इंग्रजी नावांवर केलेली चाचणी यातलं काहीच पकडत नाही.